सुतळीची तिसरी गाठ

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. विसरलो असं म्हणता येणार नाही. मला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण ही गोष्ट बारीकसारीक तपशिलासकट आठवते. घरात गाडीचा विषय निघाला की मी उठून बाल्कनीत जातो आणि झाडांना पाणी घालतो. घरच्यांना वाटतं, आजोबांना बागेची आवड लागली. चार कुंड्यांपैकी तीन मी अशाच जास्त पाणी घालून मारल्या.

आता घरात पुन्हा नवी गाडी घ्यायचं चाललं आहे. एका कुंडीच्या भरवशावर हे दिवस निघणार नाहीत. म्हणून लिहायला बसलो.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, नाहीतर नेहमीप्रमाणे मी पाल्हाळ लावीन आणि मुद्दा राहून जाईल. आमच्या घरात असं मानलं जातं, की सहा वर्षांपूर्वी घेतलेली गाडी फसली, कारण सुनेने डिकीचं माप सुतळीने घेतलं. नातेवाइकांत त्याचा विनोद झालेला आहे. कुणाचा ब्लाउज घट्ट झाला, कुणाकडे भात कमी पडला, की लगेच, "सुतळीने मोजलंस का गं?" सूनही हसते. तर ते खरं नाही. सुनेची सुतळी बरोबर होती. तिच्यावरची गाठ मी सरकवली होती.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. मी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. बायको ही भानगड व्हायच्या आधीच गेली. ती असती तर भानगड झालीच नसती, कारण माझा चेहरा तिला वाचता यायचा. त्या वेळी नात बारा वर्षांची होती, नातू नऊचा. नातू क्रिकेट खेळायचा, म्हणजे त्याचं एक लांबट किट. तेवढं आपण समजू शकतो. नात मात्र हॉकीची गोलकीपर झाली. शाळेच्या संघात गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं, हिने हात वर केला आणि मग तिला ते आवडूनच गेलं. अंगावर चेंडू आला की माणूस बाजूला होतो. ही पुढे जायची. हे आमच्या घराण्यात कुठून आलं ते मला माहीत नाही. माझ्याकडून नक्कीच नाही.

गोलकीपरचं सामान ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. पायांना बांधायची दोन पॅड, जवळजवळ तक्केच. बुटांवर चढवायचे फोमचे दोन ठोकळे. छातीचं कवच, हातांसाठी दोन चौकोनी तुकडे, हेल्मेट. हे सगळं चाकांच्या एका बॅगेत. बॅग पहिल्यांदा दारात आली तेव्हा मी विचारलं होतं, "कोण येणार आहे राहायला?"

सराव ठाण्याच्या पलीकडच्या टर्फवर असायचा. रिक्षावाले बॅगेकडे बघून विचारायचे, "काका, माणसं किती?" आमची तेव्हाची गाडी छोटी होती. तिच्यात बॅग मागे पाडलेल्या पुढच्या सीटवर पट्टा लावून बसायची, सून चालवायची आणि नात मागे अंग चोरून. मग नातू आणि त्याचं किट मावायचं नाही. त्यामुळे एक दिवस हिचा, एक दिवस त्याचा. तसं एक वर्ष निघालं. मग प्रशिक्षकांनी सुनेला सांगितलं, "ताई, मुलगी चांगली आहे, पण पुढच्या हंगामात ती मला रोज हवी. एक दिवसाआड येणारा गोलकीपर चालत नाही. मला दुसरी तयार करावी लागेल."

दोन्ही मुलं आणि दोन्ही किटं एकदम मावतील अशी गाडी आली, तर नात गोलात. नाही आली, तर दुसरी कुणीतरी. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, मलाही.

आता माझ्याबद्दल. मानपाड्याच्या बाजूच्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात होतो. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात: 'काढले' आणि 'तपासले'. मी तीस वर्षं 'तपासले'च्या चौकटीत सही केली. त्याची खोड अशी लागली, की लग्नाची पत्रिका आली तरी मी नावं वाचायच्या आधी समास बघतो. आमची जुनी चार मजली इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा साहजिकच सगळे म्हणाले, नकाशे काकांकडे द्या.

मी ते असे तपासले, की बिल्डरकडचा आर्किटेक्ट माझा फोन उचलेनासा झाला. ओट्याची उंची दोन बोटं वाढवून घेतली. न्हाणीघराचं दार कुठल्या बाजूला उघडावं यावर एक सभा घेतली. टपालपेट्या कुठे लावाव्यात यावर तीन घेतल्या. आज त्या पेट्यांत पिझ्झावाल्यांच्या जाहिराती पडतात. शेवटचा कागद पार्किंगचा होता. तो समोर आला तेव्हा नेमके वडापाव आले होते आणि सभासद माझं कौतुक करत होते. मी कौतुक ऐकत ऐकत सही केली. तपासले.

इमारत उभी राहिल्यावर सोसायटीने मला शाल दिली. उत्तराच्या भाषणात मी म्हणालो, "या इमारतीत एक सूत जरी चूक सापडली, तरी मला येऊन सांगा." टाळ्या पडल्या.

पार्किंग स्टॅकचं आहे. लोखंडी दोन कप्पे. एक गाडी खाली खड्ड्यात उतरते, दुसरी तिच्या डोक्यावर. आम्हाला खालचा कप्पा मिळाला होता. छोटी गाडी त्यात आरामात बसायची, म्हणून कुणाला कधी प्रश्न पडला नाही. मोठ्या गाडीचं बोलणं सुरू झालं त्या दिवशी जेवताना मुलाने सहज विचारलं, "बाबा, उंच गाडी आपल्या स्टॅकमध्ये बसेल ना?"

"कुठलीही बसेल. मी तपासलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे आपापल्या कामाला गेल्यावर, मी टेप घेऊन खाली गेलो. वॉचमनने विचारलं, "काका, काही पडलं का?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते. टेप लावला तर जेमतेम साडेपाच फूट. वर येऊन कपाटातून नकाशा काढला. त्यावर स्वच्छ अक्षरात होतं, की ही उंची छोट्या गाड्यांसाठी आहे; उंच गाड्यांचा कप्पा हवा असल्यास सोसायटीने शेजारच्या चौकटीत खूण करावी. चौकटीत खूण नव्हती. खाली सही होती. माझी, झोकदार.

त्याच दिवशी मी सांगू शकलो असतो. फार तर काय झालं असतं? मुलगा हसला असता, सोसायटीत चार दिवस कुजबुज झाली असती, शाल आपोआप कपाटाच्या तळाला गेली असती. उघड्यावर भाड्याने जागा शोधता आली असती. पण त्या वयात माणसाकडे फारसं काही उरलेलं नसतं. माझ्याकडे 'काकांनी तपासलंय' एवढं एक वाक्य होतं. ते मला सोडवेना. मग मी ठरवलं, की उंच गाडी घरच्यांना आपणहून नकोशी झाली पाहिजे.

पुढचे काही रविवार आम्ही ठाण्याच्या शोरूममधून काढले. सून बॅग घेऊन यायची. काचेच्या दारातून ती बॅग गडगडत आत आली की सेल्समनची मुद्रा बघण्यासारखी व्हायची.

"मॅडम, हे... आत?"

"डिकी उघडा."

"मॅडम, आधी इंजिनबद्दल सांगतो ना."

"इंजिन असणारच ना गाडीत? डिकी उघडा."

मग ती बॅग आडवी ठेवायची, तिच्यावर नातवाचं किट, मग दोन्ही मुलांना बसवायची, मग मला. आणि दार लावायची. दार कमरेने ढकलावं लागलं तर गाडी नापास. कित्येक देखण्या गाड्या अशा नापास झाल्या. घोडबंदर रोडच्या एका शोरूममध्ये एक उंच, चौकोनी, सात सीटची गाडी होती. तिची मागची रांग पाडली, बॅग आत सरकवली, किट ठेवलं, तरी जागा उरली. सून म्हणाली, "हिच्यात तर मांडव पडेल." नातीने डिकीतच बैठक मारली.

मी म्हणालो, ही वाऱ्याने हलेल.

"बाबा, गाडी आहे, पतंग नाही," मुलगा म्हणाला.

मी म्हणालो, स्टेशनाबाहेर उभी राहून सीटा भरणाऱ्या गाडीसारखी दिसते. कुणी लक्ष दिलं नाही. तेव्हा मी गुडघे काढले. दार उघडून पाय वर टाकला आणि असा कण्हलो, की सेल्समन पाणी आणायला धावला. "मला नाही बाबा चढवत एवढं. तुम्ही घ्या. मी घरी राहीन." हे शेवटचं वाक्य आम्हा म्हाताऱ्यांचं खास राखीव अस्त्र आहे, ते सहसा वाया जात नाही.

या वेळी गेलं. पुढच्या रविवारी नात न्हाणीघरातलं निळं प्लास्टिकचं स्टूल घेऊन शोरूममध्ये आली. "आजोबा, मी आधी उतरीन, स्टूल ठेवीन, मग तुम्ही उतरा. चढताना पण तसंच. रोज करीन मी."

बारा वर्षांच्या मुलीने एवढं सांगितल्यावर माणसाने विरघळावं. मी म्हणालो, "स्टूल घसरतं."

त्याच्या पुढच्या रविवारी स्टुलाच्या चारही पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले होते.

दरम्यान मुलाने कल्याणच्या एका शोरूममध्ये दुसरी गाडी पाहिली. तीही एसयूव्हीच म्हणवायची, पण बुटकी. वर काचेचं छप्पर, आत निळे दिवे. मुलगा तिच्या प्रेमात पडला, आणि मी मनातल्या मनात तिला आमच्या कप्प्यात उतरवून पाहिलं. बसत होती. वाचनालयात जातो असं सांगून मी एका शनिवारी एकटाच कल्याणला गेलो आणि टेपने डिकी मोजली. बॅगेला वीतभर कमी पडत होती.

दुसऱ्याच दिवशी शोरूमचा फोन आला. कुणीतरी बुकिंग सोडलं होतं. आजच्या आज पक्कं केलं तर विजयादशमीला गाडी मिळेल, नाहीतर पुढे दोन-तीन महिने थांबा. आम्ही बौद्ध. विजयादशमी म्हणजे आम्हाला धम्मदीक्षेचा दिवस. त्या दिवशी दारात गाडी यावी असं मुलाला फार वाटत होतं. पण नात त्या दिवशी बॅग घेऊन सामन्याला गेली होती.

सून म्हणाली, "बॅग नसली तर नसू दे. सुतळी आहे. माप बसलं तर माझी ना नाही."

ही सुतळी म्हणजे तिच्या माहेरची विद्या. तिचे वडील कल्याणपलीकडच्या एका गावात मांडवाचं काम करायचे. लग्नाचा मांडव असो की जयंतीचा, ते जागेचं माप सुतळीला गाठी मारून घ्यायचे. म्हणायचे, "टेपवरचा आकडा माणूस विसरतो. गाठ विसरत नाही." सुनेने पहिल्याच आठवड्यात बॅगेचं माप तसं घेऊन ठेवलं होतं: पहिली गाठ उंचीची, दुसरी रुंदीची, तिसरी लांबीची. सुतळी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची.

सून कपडे बदलायला आत गेली. मुलगा खाली गेला. मी सुतळी काढली. गाठ घट्ट होती, नखांनी सुटेना. मग मी माझी ड्रॉइंगची पेटी उघडली आणि कर्कटकाच्या टोकाने ती सोडवली. ज्या कर्कटकाने तीस वर्षं लोकांच्या चुका शोधल्या, त्याने. वीतभर अलीकडे नवी गाठ मारली, बुटाच्या नाडीला मारतात तशी, आणि सुतळी परत खिळ्याला लावली. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ.

शोरूममध्ये तिने डिकीत सुतळी धरली. तिन्ही गाठी आत. तरी ती वाकून बघत राहिली. "बाबा, बॅग मोठी आहे हो यापेक्षा. मला वाटतंय तसं."

"अगं, डोळ्यांना काय, काहीही वाटतं. तुझे वडीलच म्हणतात ना, गाठ विसरत नाही?"

सासऱ्याला आपल्या वडिलांचं वाक्य पाठ आहे, याचा तिला आनंद झाला. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "घ्या मग."

विजयादशमीला गाडी घ्यायला गेलो. शोरूमवाल्यांनी चाकाखाली ठेवायला लिंबं आणली होती. सुनेने ती नम्रपणे परत केली. आम्ही गाडीसमोर हात जोडून उभे राहिलो. घरातला वडीलधारा म्हणून त्रिसरण-पंचशील मी सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. तीन शीलं नीट झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे मला ठसका लागला. असा लागला, की नातीने बाटलीतलं पाणी दिलं, सेल्समनने पाठ चोळली, आणि सगळे म्हणाले, आता पहिल्यापासून घ्या. घेतलं.

गाडी घरी आणली. नात धावत वर गेली आणि बॅग घेऊन आली, दुसऱ्या हातात स्टूल. सुनेने डिकी उघडली, बॅग आडवी केली. गेली नाही. उभी केली. दार लागलं नाही. नात म्हणाली, "तिरकी करून बघू." तिरकी केली, तर आडवीपेक्षा वाईट. नातू म्हणाला, "मी काच उघडून छपरातून आत घेतो." कुणी हसलं नाही.

"सुतळीने मोजलं की असंच होणार," मुलगा वैतागून म्हणाला. "टेप नाही का घरात? बाबांकडेच पाच आहेत."

सून वर गेली, सुतळी घेऊन आली आणि बॅगेला लावली. वीतभर आखूड. ती सुतळीकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "माझीच गाठ चुकली असेल."

माझे गुडघे त्या वेळी खरोखरच दुखायला लागले. मी नातीच्या हातातलं स्टूल घेतलं आणि त्याच्यावर बसलो.

पुन्हा एक दिवस हिचा, एक दिवस त्याचा सुरू झालं. फरक एवढाच, की पुढची सीट पाडून बसलेली बॅग आता काचेच्या छपराखालून जायची. थंडी सरेपर्यंत प्रशिक्षकांनी खरंच दुसरी मुलगी तयार केली. नात काही महिने राखीव म्हणून जात राहिली. गोलामागे उभी राहून त्या मुलीला चेंडू आणून द्यायची, असं सुनेने मला सांगितलं. एक दिवस मी बाल्कनीत होतो, ती शेजारी येऊन उभी राहिली.

"आजोबा, मी सोडलं हॉकी."

"का गं?"

"बोअर झालेलं तसंही." मग कुंडीकडे बघून म्हणाली, "किती पाणी घालता? मरेल ना ते."

किट त्या दुसऱ्या मुलीला दिलं. नातीने मग बॅडमिंटन घेतलं. रॅकेट कुठल्याही गाडीत मावते.

नातवाच्या वाढदिवसाला सुनेचे वडील आले. जेवणं झाली, आणि कुणीतरी सुतळीचा विनोद काढला. ते आधी हसले. मग मुलीला म्हणाले, "बघू जरा ती सुतळी." तिने दारामागून काढून दिली. त्यांनी ती अंगठ्याखालून हळूहळू सरकवली. पहिली गाठ, दुसरी गाठ. मांडववाले गाठ मारताना दोर दोनदा फिरवून टोक आत ओवतात, ती सरकत नाही. तिसऱ्या गाठीशी त्यांचा अंगठा थांबला. तिथून तो वीतभर पुढे गेला आणि पुन्हा थांबला. जुनी गाठ सुटली तरी सुतळीला तिथे वाक राहतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं, पण मुलीकडे नाही. माझ्याकडे. मग सुतळीची घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "साहेब, चहा घेऊ या?"

मी घेतला. दोन वेळा घेतला.

पुढच्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी उंच गाडी आणली. ती कप्प्यात उतरवताना छपराला पत्रा घासला आणि सगळी सोसायटी गोळा झाली. बिल्डरला शिव्या झाल्या. नकाशा कुणी मागितला नाही. राहायला आल्यावर नकाशा कोण बघतं? मुलगा मात्र सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "आमच्या बाबांना आधीच कळलेलं! म्हणून ते उंच गाडी नको नको म्हणत होते. आम्हीच वेड्यासारखे हसत होतो." आठवडाभर लोक मला लिफ्टमध्ये नमस्कार करत होते. समितीने यापुढच्या कामात माझा सल्ला घ्यायचं ठरवलं. माझी चूक अशी माझ्या दूरदृष्टीच्या खात्यावर चढली आणि सुनेचं बरोबर माप तिच्या मूर्खपणाच्या. आपण काहीच न करता असे सन्मान मिळतात, म्हणून लोक गप्प राहत असावेत.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "अगं, एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "बोला ना बाबा." मी म्हणालो, "चहात साखर कमी टाकत जा." तेव्हापासून मी फिका चहा पितो आहे. मला तो आवडत नाही.

मग सुनेचे वडील आजारी पडले. मी एकटा त्यांना भेटायला गावी गेलो. खाटेवर पडून होते. हात बारीक झाले होते, पण बोटं तशीच, जाड आणि काळी. मी बसलो आणि हवामानाबद्दल बोलायला लागलो. त्यांनी मला थोडा वेळ बोलू दिलं. मग उशीखाली हात घालून ती घडी काढली.

"ही ठेवा तुमच्याकडे, साहेब."

मी घेतली. खिशात ठेवली.

"मी पोरीला काही बोललो नाही. बाप आहे, राग आलेला मला. पण तिला त्याच घरात राहायचंय. तिच्या सासऱ्याला तिच्यासमोर खाली कसा पाडू? तुमचं तुम्ही सांगा."

"सांगतो, दादा."

"लवकर सांगा. चाळीस वर्षं मांडव घातले. एक खांब कधी वाकडा गेला नाही. आता पोरं माझ्या सुतळीला हसतात."

मी पुन्हा म्हणालो, सांगतो. दोन महिन्यांनी ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायचा आग्रह झाला. मी त्यांच्या कामातल्या अचूकपणावर बोललो. लोकांना भाषण आवडलं. सून समोर बसून रडत होती, आणि नंतर येऊन मला म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांच्याबद्दल किती छान बोललात. मला ती गाठ आठवत होती सारखी. त्यांचं शिकवलेलं, आणि मीच चुकले."

तिथेही मी बोललो नाही. मी तिला पाणी आणून दिलं. पाणी मी बरं घालतो.

आता नात अठराची आहे, गाडी चालवायला शिकते. नातू माझ्या डोक्यावरून वर गेला आहे. दोघं मागे बसली की पाय कुठे ठेवायचे यावरून भांडण होतं, म्हणून पुन्हा मोठी गाडी. शेजाऱ्यांच्या प्रकरणानंतर स्टॅक बदलून घ्यायचं चालू आहे, आणि त्याचे नकाशे, अर्थातच, तपासायला माझ्याकडे आले आहेत. गेल्या आठवड्यात जेवताना सून हसत हसत म्हणाली, "या वेळी डिकीचं माप तुम्हीच घ्या हं, बाबा. माझ्यावर सोडू नका." नातही हसली.

मी अर्ध्या जेवणावरून उठून बाल्कनीत गेलो.

रविवारी सकाळी मी ड्रॉइंगच्या पेटीतून सुतळी काढली. काय बोलायचं ते पाठ केलं. चार वाक्यं होती. आरशासमोर म्हणून पाहिली. बाहेर आलो तर सून हॉलमध्ये जमिनीवर बसून जुन्या वर्तमानपत्रांची चळत लावत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सुतळी पुढे केली.

"अगं..."

तिने वर पाहिलं. "अरे वा, सुतळी आणलीत! बरं झालं बाबा, मी सुतळीच शोधत होते. रद्दीवाला खाली आलाय." आणि माझ्या हातातून घेतलीसुद्धा. चळतीला एक वेढा दिला, दुसरा दिला. बोटाला काहीतरी लागलं म्हणून थांबली. "गाठी कसल्या यात?"

"असतील कसल्यातरी."

तिने दोर दोनदा फिरवला, टोक आत ओवलं आणि ओढून घट्ट केलं. वडिलांसारखी. ती गाठ सरकणारी नव्हती. रद्दीवाला वर आला, गठ्ठा खांद्यावर टाकला आणि लिफ्टने निघून गेला. मी बाल्कनीत गेलो. शेवटच्या कुंडीत पाणी घातलं नाही, एवढाच काय तो माझा पराक्रम.

ती चार वाक्यं अजून पाठ आहेत. अगं, तुझं माप बरोबर होतं. तुझ्या वडिलांची सुतळी बरोबर होती. पोरीचा गोल मी घालवला, गाठ मी सरकवली होती. मला माफ कर.